कित्ता घालून देणारा हात

आपल्याकडील जुन्या शाळेत कित्ता नावाची एक वस्तू असे. पंतोजी स्वतः बोरू छाटून, दौतीत बुडवून, कागदाच्या माथ्यावर वळणदार अक्षरांची एक ओळ लिहून देत, आणि खालच्या कोऱ्या जागेत विद्यार्थ्याने तीच ओळ पुन्हा पुन्हा उतरवावयाची, असा तो क्रम असे. बोरू गेला, दौत गेली, मोडीचे दप्तरही पुराभिलेखागारात जाऊन बसले, परंतु शब्द मात्र भाषेत राहिला. आजही एखाद्याच्या वर्तनाप्रमाणे आपले वर्तन घडवू पाहणाऱ्या माणसाविषयी आपण 'तो अमक्याचा कित्ता गिरवतो' असे म्हणतो. त्याच शाळेने आपल्याला 'वळण' हा दुसरा शब्द दिला, जो अक्षरालाही लागतो आणि मुलालाही लागतो. अक्षर आणि आचरण ही दोन्ही पाहून उतरवावयाची असतात, केवळ ऐकून येत नाहीत, ही जाणीव ज्या भाषेने आपल्या नित्याच्या बोलण्यात अशी मुरवून ठेवली, त्या भाषेच्या समाजात उपदेशाचे पीक इतके अमाप यावे आणि कित्ता घालून देणारे हात विरळ असावेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कित्त्याच्या त्या कागदात आणखी एक मर्म आहे. अशा कागदावरील पहिली उतरवलेली ओळ पंतोजींच्या ओळीशी पुष्कळ मिळतीजुळती असते. दुसरी किंचित ढिली पडते. आणि तळाशी पोहोचेपर्यंत अक्षराने निराळेच रूप धारण केलेले असते. कारण उघड आहे. दोनतीन ओळी झाल्या की मुलाची दृष्टी माथ्यापर्यंत चढत नाही. ती नुकत्याच लिहिलेल्या आपल्याच ओळीवर विसावते, आणि मूल स्वतःच्या चुकीचाच कित्ता गिरवू लागते. उदाहरणाने शिकवण्याच्या साऱ्या प्रश्नाचे बीज या एका कागदात आहे. उदाहरणाचे सामर्थ्य कोठून येते, ते कोठवर पुरते, आणि कोणत्या कारणाने ते क्षीण होते, याचा आढावा आपल्या परंपरेच्या, आधुनिक मानसशास्त्राच्या आणि मुख्यतः गेल्या पावणेदोनशे वर्षांतील महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधाराने घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम हुकूम आणि उदाहरण यांतील अंतर पाहू. मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सरकारी खर्चाने बांधलेले अथवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या केल्या. त्याला अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव आपल्या दप्तरी नोंदवला. कागदोपत्री तळे मोकळे झाले, परंतु त्याच्या काठावर ज्यांना आजवर मज्जाव होता, त्यांपैकी कोणाचाही हात पाण्यापर्यंत पोहोचला नाही. तो पोहोचला २० मार्च १९२७ रोजी, जेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेच्या मिरवणुकीच्या अग्रभागी चालत जाऊन पायऱ्या उतरले, त्यांनी प्रथम ओंजळभर पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून सहस्रावधी माणसे पाणी प्याली. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याच्या शुद्धीचे विधी झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ सालापर्यंत लांबले; म्हणजे ठराव जसा लिहिला गेला तसा पुसलाही गेला, परंतु ती ओंजळ कोणाला पुसता आली नाही. माणसाला आपला हक्क कायद्याने सांगितला जातो. तो बजावावयाचा कसा, हे मात्र पुढे होऊन कोणीतरी बजावून दाखवावे लागते.

कोल्हापुरात हाच धडा सिंहासनाच्या बाजूने घालून दिलेला दिसतो. राजर्षी शाहू महाराजांजवळ हुकूम काढण्याचा अधिकार होता आणि त्यांनी तो मुक्तहस्ते वापरला. १९१९ साली सार्वजनिक स्थळे सर्वांना खुली करणारे त्यांचे हुकूम प्रसिद्धच आहेत. तथापि हुकमाने दार उघडते, मन उघडत नाही, हे त्या राज्यकर्त्याने ओळखले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले, आणि आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून तेथील चहा स्वतः घेतला व बरोबरच्या मानकऱ्यांना आणि कामदारांनाही घ्यावयास लावला. ज्याला एका लेखी आज्ञेने काम भागवता आले असते, तो छत्रपती भर रस्त्यात चहाचा पेला हाती धरतो, तेव्हा आज्ञेपेक्षा अधिक बलवान असे काहीतरी आपल्याला हवे आहे, याची ती कबुलीच असते.

हे ज्ञान नवे नाही. यास्काने निरुक्तात 'आचार्य' शब्दाची व्युत्पत्ती देताना जो आचार ग्रहण करवतो तो आचार्य, हा अर्थ आरंभी दिला, आणि अर्थांचा व बुद्धीचा संचय करणे हे त्याचे कार्य मागाहून सांगितले. म्हणजे शिक्षकाच्या नावातच आचरणाला ज्ञानाआधीचे स्थान आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा विचार मांडताना जनकाचा दाखला देऊन, श्रेष्ठ पुरुष जे करतो त्याचेच अनुसरण इतर जन करतात, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, आणि आपल्याला स्वतःला काही मिळवावयाचे उरलेले नसतानाही आपण कर्म का करीत राहतो याचे कारणही तेच देतो. पुढे ज्ञानेश्वरांपासून तुकोबा-रामदासांपर्यंत संतांनी बोलणे आणि वागणे यांतील अद्वैत हीच साधुत्वाची कसोटी ठरवली. सामान्य जनांनी हा सारा विचार आपल्या म्हणींत उतरवला: आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला निरुक्ताची गरज पडली नव्हती.

विद्येच्या ज्या शाखांत हाताचे किंवा गळ्याचे काम मुख्य आहे, तेथे तर उदाहरणावाचून दुसरी शिक्षणपद्धतीच संभवत नाही. सुताराच्या हाताखाली उमेदवारी करणारा पोरगा रंधा कसा धरावा यावरचे व्याख्यान ऐकत नाही; तो वस्तादाचा खांदा, मनगट आणि पायांतील अंतर पाहत असतो. तालमीतला मल्ल मातीत उतरलेल्या वस्तादाच्या अंगाला अंग भिडवून डाव शिकतो. गवयाचा शागीर्द वर्षानुवर्षे तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसतो आणि स्वर कोठे घ्यावा याबरोबरच श्वास कोठे घ्यावा हेही उचलतो. एवढेच नव्हे, तर गुरूची मान वाकडी होत असेल तर तीही शिष्याकडे वारशाने येते. अनुकरणाला निवड ठाऊक नसते, हा इशारा कारागिरीच्या जगाने फार पूर्वीच दिलेला आहे. मात्र तेथे एक सोय आहे. लाकूड खोटे बोलत नाही, तंबोऱ्याची तार भिडस्त नसते. सांधा चुकला की तो त्याच क्षणी दिसतो आणि स्वर ढळला की कानाला खुपतो. सत्य, श्रम, समता, स्वच्छता यांचे शिक्षण देणाऱ्याच्या चुका मात्र अशा तत्काळ उघड्या पडत नाहीत, म्हणून त्याला पुष्कळ काळ केवळ वाणीवर निभावून नेता येते. आणि समोर बसलेली मुले मात्र सारे काही पाहत असतात.

मुले पाहतात आणि उचलतात, या अनुभवाला आधुनिक मानसशास्त्राने प्रयोगाचा आधार दिला. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत बालगृह उघडले. तेथे एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे याचा पाठ दिला. हातरुमाल कसा काढावा, तो कसा धरावा, आवाज न करता नाक कसे स्वच्छ करावे, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. मुलांनी तो पाठ एकाग्र चित्ताने पाहिला आणि संपताच टाळ्यांचा कडकडाट केला. नाक वाहते म्हणून ज्यांना आजवर केवळ धिक्कार ऐकावा लागला, त्या मुलांना ते कसे पुसावे हे प्रथमच कोणीतरी सन्मानाने दाखवले होते. मुलांच्या त्या टाळ्यांचा अर्थ ज्यांना कळला त्यांत आपल्या ताराबाई मोडक अग्रगण्य होत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम करून, पुढे १९४५ साली बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी जे बालशिक्षण उभे केले, त्यात मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, अंगण झाडणे ही कामे शिक्षिका आपल्या हाताने करीत, आणि तीच अभ्यासक्रमाची पहिली पाने होती.

१९६१ साली अल्बर्ट बांडुरा आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतील ७२ मुलांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकी २४ मुलांनी एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्यास ठोसे व हातोडीचे प्रहार करताना पाहिले, २४ मुलांनी शांतपणे खेळणाऱ्या माणसाला पाहिले, आणि उरलेल्या २४ जणांना असा कोणीच दाखवला नव्हता. पुढे बाहुल्याजवळ सोडल्यावर पहिल्या गटातील अनेक मुलांनी तेच प्रहार आणि तेच शब्द जसेच्या तसे उतरवले. त्यांना तसे करावयास कोणी सांगितले नव्हते. उपदेश आणि आचरण यांची थेट तुलना करणारा प्रयोग जेम्स ब्रायन व नॅन्सी वॉल्बेक यांनी १९७० साली प्रसिद्ध केला. खेळात मिळवलेल्या बक्षिसांतील वाटा गरिबांना देण्याचा प्रसंग योजून, बोलणे उदार पण वागणे कृपण, आणि याच्या उलट, असे निरनिराळे नमुने त्यांनी मुलांसमोर ठेवले. तेव्हा मुलांच्या देण्यावर परिणाम झाला तो नमुन्याच्या कृतीचा, आणि नमुन्याच्या बोलण्याचा परिणाम प्रामुख्याने मुलांच्या बोलण्यावरच झाला. म्हणजे उपदेशातूनही मूल शिकते, पण शिकते ते उपदेश करावयास. आपल्या सार्वजनिक जीवनाचा पुष्कळसा उलगडा या एका निष्कर्षात होतो.

आता महाराष्ट्राच्या अनुभवाकडे वळू, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या भूमीवर उक्ती आणि कृती यांचा जो दीर्घ संवाद झाला, तसा अन्यत्र क्वचितच झाला असेल. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी स्त्रीशिक्षणाचा पहिला पाठ स्वतःच्या घरात दिला. त्यांनी शिकवलेल्या सावित्रीबाई शिक्षिका झाल्या, आणि अंगावर शेण-चिखल झेलीत त्या शाळेच्या वाटेने रोज जात राहिल्या. जोतीरावांनी १८६३ साली विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले ते आपल्या घरात, आणि १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांना पाण्याचा हौद खुला केला तोही स्वतःच्याच आवारातला. सुधारणेचा प्रत्येक खर्च या दांपत्याने प्रथम आपल्या खाती मांडला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अध्यापनाचा तो अखेरचा तास होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच पुण्यात उदाहरणाच्या सामर्थ्याची उलटी बाजू दाखवणारा एक करुण प्रसंग १८७३ साली घडला. विधवाविवाहाच्या चळवळीचे धुरीणत्व ज्यांच्याकडे होते, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नीचे निधन झाले, आणि तेव्हा ३१ वर्षांच्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे नमून ११ वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. रानड्यांची विद्वत्ता, त्यांची सचोटी, त्यांचे राष्ट्रकार्य यांविषयी त्यांच्या शत्रूंनाही आदर होता. तथापि त्या एका विवाहाने चळवळीच्या पायाखालची जमीन सरकली, आणि पुढे कित्येक वर्षे विधवाविवाहाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रसंगाचा दाखला ऐकावा लागला.

बरोबर वीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे याच कसोटीला सामोरे गेले. पहिली पत्नी निवर्तल्यावर पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा निश्चय करून त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले, आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या वृद्ध मातेलाही लागली. कर्वे वक्ते नव्हते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्यास नेला, आणि दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून सायंकाळी खाचखळग्यांच्या वाटेने पायी हिंगण्याला जाण्याचा परिपाठ ठेवला. पाऊस असो वा चिखल, ही पायपीट ज्या मुलींनी पाहिली, त्यांना चिकाटी या विषयाचे निराळे पुस्तक लागले नाही. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला तो योजनेच्या मसुद्यावर नव्हे. तेवीस वर्षे जो माणूस आपल्या बोलण्याच्या मागे न राहता पुढे चालला होता, त्याच्या पायांवर त्यांनी विश्वास ठेवला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही चाल शिक्षणाच्या व्यवस्थेत उतरवली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था १९२४ साली साताऱ्यास आली, आणि तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवू लागली, एकाच चुलीवर स्वयंपाक करू लागली. स्वावलंबन हे त्या संस्थेचे ब्रीद होते आणि 'कमवा आणि शिका' हा तिचा मार्ग. परंतु मुलांच्या हाती कुदळ देणारे भाऊराव स्वतः त्या श्रमांत सामील होते, आणि दाणागोटा संपला त्या दिवसांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. ज्या मुलाला हे ठाऊक होते की आपल्या ताटातली भाकरी कोणाच्या गळ्यातून आली आहे, त्याला त्यागाचा अर्थ विचारण्याची आवश्यकता नव्हती.

साने गुरुजींचे उदाहरण आकाराने याहून लहान, परंतु शिक्षकाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. छात्रालयातील मुलांच्या खोल्या कशा असतात हे सांगावयास नको. गुरुजी रागावले नाहीत, दंड केला नाही, नियमांची पाटी लावली नाही. मुले शाळेला गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत. मुलांना प्रथम नवल वाटले, मग संकोच वाटला, आणि त्या संकोचातून खोल्या नीट राहू लागल्या. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. शिक्षेने उत्पन्न होणारी लाज मुलाला लहान करते आणि शिक्षकापासून दूर पळवते. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याने आपले काम मुकाट्याने केलेले पाहून जी लाज वाटते, ती मुलाला मोठे करते आणि शिक्षकाकडे ओढून नेते.

मग केवळ उदाहरण घालून दिले की कार्य झाले काय? तसे असते तर हा प्रश्न फार सोपा होता. १९०१ सालच्या कलकत्ता काँग्रेसमध्ये गांधीजींनी छावणीतील शौचकूपांची दुरवस्था पाहिली, स्वयंसेवकांना ती दाखवली, 'हे भंग्याचे काम' असे उत्तर ऐकले, आणि स्वतः झाडू मागून घेऊन जागा स्वच्छ केली. परंतु आत्मकथेत त्यांनीच प्रांजळपणे नमूद केले आहे की, गर्दी एवढी होती की ती जागा वारंवार साफ करणे त्यांच्या शक्तीबाहेरचे होते, आणि इतरांना त्या दुर्गंधीचे काही वाटत असल्याचे दिसले नाही. झाडू हाती घेणारे गांधीजी होते, आणि तरीही त्या झाडूमागे दुसरा झाडू आला नाही. नऊ वर्षांनी, १९१० साली, जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर त्यांचे मित्र कॅलनबाख यांच्या १,१०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभे राहिले, तेव्हा चित्र पालटले होते. तेथे नोकर नव्हते. स्वयंपाकापासून मैलासफाईपर्यंत सारे काम रहिवाशांनीच करावयाचे, आणि शिक्षक जे करीत नाहीत ते मुलांना करावयास सांगावयाचे नाही, असा दंडक होता. तेथील मुलेमुली ती कामे आनंदाने करू लागली. माणूस तोच, काम तेच. मग कलकत्त्यास जे घडले नाही ते फार्मवर का घडले?

याचे उत्तर तीन शब्दांत सांगता येईल: सान्निध्य, सातत्य आणि झीज. कलकत्त्यात गांधीजी एक परके पाहुणे होते, त्यांची कृती एका दिवसाची होती, आणि पाहणाऱ्यांचे व त्यांचे जीवन एकत्र बांधलेले नव्हते. फार्मवर ते मुलांबरोबर उठत, जेवत, राबत होते, ते रोज होते, आणि त्याची किंमत त्यांच्या देहाने दिलेली सर्वांना दिसत होती. याच तीन कसोट्यांवर वरील प्रत्येक प्रसंग लावून पाहावा. हिंगण्याची पायपीट वर्षानुवर्षांची होती. अमळनेरचे कंदील रोजचे होते. साताऱ्याचे मंगळसूत्र परत येणारे नव्हते. विनोबा १९४६ नंतर पवनारहून सुरगावला सफाईसाठी रोज चालत जात, ते याच सातत्याचे मर्म जाणून. आणि अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतःसाठी मागितले, ते नाकारले गेले तेव्हा उपोषण आरंभले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात अन्न वर्ज्य केले, यात झिजेची परिसीमा आहे.

उदाहरणाच्या पक्षातही अतिरेक होतो, आणि त्याचा विचार केल्याविना आढावा पुरा होणार नाही. पहिला अतिरेक असा की शब्दांची गरजच नाही असे मानणे. उदाहरण मुके असते. ते काय करावे हे दाखवते, का करावे हे सांगत नाही. गाडगे महाराज गावात शिरताच हाती खराटा घेत, रस्ते आणि उकिरडे झाडून काढीत, कोणी पाया पडू लागल्यास पडू देत नसत. परंतु रात्री त्याच गावात ते कीर्तनाला उभे राहत, आणि वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारून विचारून, कर्ज काढून सण करू नका, बोकड मारू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांच्याकडूनच वदवून घेत. दिवसाच्या खराट्याने रात्रीच्या शब्दाला अधिकार मिळे, आणि रात्रीच्या शब्दाने दिवसाच्या खराट्याला अर्थ मिळे. या दोहोंपैकी एक काढून घेतले असते तर उरला असता एक विक्षिप्त झाडणारा किंवा आणखी एक कीर्तनकार.

दुसरा धोका प्रदर्शनाचा. जेथे झीज नाही तेथे उदाहरणाचे केवळ चित्र उरते, आणि मुले चित्र आणि वस्तू यांतील भेद मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. तिसरा धोका याहून सूक्ष्म आणि आपल्या समाजात अधिक रूढ आहे, तो म्हणजे पूजेचा. ज्याचे अनुकरण जड वाटते त्याला आपण देवत्व देतो. तसबीर लावली, हार घातला, जयंतीचे भाषण झाले, की 'ते महात्मे होते, आपल्याला कसे साधणार' या एका वाक्यात अनुकरणाचे ओझे उतरते. माथ्यावरची ओळ आपण सोनेरी चौकटीत बसवतो, आणि खाली मात्र कालच्या आपल्याच वेड्यावाकड्या ओळीचा कित्ता गिरवीत राहतो.

येथे प्रामाणिक शिक्षकाच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती टाळून चालणार नाही: मी स्वतः पूर्ण नाही, मग मी कोणत्या तोंडाने शिकवावे? या शंकेचे सर्वांत धीराचे उत्तर तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य तेथे सांगतात की, आमची जी सुचरिते असतील तेवढीच तू उपासावीस, इतर नव्हेत. आपल्या आचरणात अनुकरणास अयोग्य असेही काही आहे, हे ज्या गुरूने निरोपाच्या क्षणी शिष्याजवळ कबूल केले, त्याने त्या कबुलीनेच सर्वांत मोठा कित्ता घालून दिला. न्यायमूर्ती रानड्यांकडे या प्रकाशात पुन्हा पाहावे. जे धैर्य १८७३ मध्ये त्यांना झाले नाही, ते नाही झाले. परंतु घरात आलेल्या त्या अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी आरंभापासून स्वतः शिकवावयास घेतले, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष असताही तो क्रम सोडला नाही. त्या रमाबाई पुढे आपल्या आठवणी लिहून मराठी गद्याला भूषणभूत झाल्या, आणि पतीच्या निधनानंतर १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारून शेकडो स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहण्यास कारण झाल्या. चुकलेल्या ओळीखाली नेटाने दुसरी ओळ लिहिणे, हेही एक उदाहरणच आहे, आणि तुम्हां-आम्हांला ते अधिक जवळचे आहे.

आजच्या शाळेकडे आणि घराकडे पाहता चिंता वाटावी अशी स्थिती आहे, हे मनापासून सांगावेसे वाटते. शिक्षकाच्या खांद्यावर मोजणीचे, निवडणुकीचे, तपासणीच्या तक्त्यांचे इतके ओझे आहे की मुलांच्या सान्निध्यात निवांत बसण्याचा अवसरच त्याच्यापाशी उरत नाही; आणि सान्निध्य गेले की उदाहरणाचा पहिला पायाच निखळतो. १५ ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून २०१५ सालापासून आपल्या शाळांत पाळला जातो, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु उरलेल्या दिवसांत आपले गुरुजी किंवा बाई मधल्या सुटीत स्वतःसाठी पुस्तक उघडून बसल्याचे मुलांना किती वेळा दिसते, यावर त्या दिवसाचे फळ अवलंबून आहे. २००० साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू झाले आणि गावोगावी खराटे बाहेर निघाले. ते टिकले तेथे, जेथे पारितोषिकाचा निकाल लागल्यानंतरच्या सकाळीही कोणीतरी अंगणाबाहेरचा रस्ता झाडीत राहिला. घरात तर परीक्षा याहून कठीण आहे. खरे बोलावे असे शिकवणारा बाप दारावरच्या माणसाला 'बाबा घरी नाहीत' असा निरोप मुलाच्याच तोंडून पाठवतो, तेव्हा त्या दिवशी मुलाने दोन धडे घेतलेले असतात, आणि त्यांतला कोणता मुरेल हे सांगावयास मानसशास्त्रज्ञ नको.

उपाय मोठा नाही, म्हणूनच तो अवघड आहे. जे शिकवावयाचे आहे त्यापैकी एखादी गोष्ट तरी मुलांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याबरोबर, रोज, थोडी झीज सोसून करावी. आणि जेथे आपण उणे पडतो तेथे तसे मोकळेपणाने सांगावे. जुन्या पंतोजींना हे ठाऊक होते की एका ओळीवर सारा कागद निभत नाही. म्हणून चांगला पंतोजी मुलाच्या शेजारी येऊन बसे, ढळू लागलेल्या ओळीवर बोट ठेवी, त्याच्या हातातला बोरू घेई, आणि कागदाच्या मधोमध, जेथे मुलाची दृष्टी पोहोचत होती तेथे, ती ओळ आपल्या हाताने पुन्हा एकदा लिहून देई.